आधी आय लेव्हल, मग ठिपका

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी पोरं ऐकून राहिली असतील, त्यांचे आईबाबाही असतील, तर आज पर्स्पेक्टिव्हबद्दल बोलू, म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची ते. बहुतेक जण आधी व्हॅनिशिंग पॉइंटचा, म्हणजे लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळताना दिसतात तो ठिपका देतात आणि रेघा ओढत सुटतात. माझं म्हणणं, आधी आय लेव्हल ठरवा. आपले डोळे ज्या उंचीवर, तीच क्षितिजरेषा, आणि आपण बसलो की तीही खाली येते.

पटत नसेल तर नागपूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा. तुमच्याएवढ्या उंचीचा माणूस जवळ असो की पार दुसऱ्या टोकाला, सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेघेवर येतात, लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. आता बाकावर बसा, तीच रेघ त्यांच्या पोटाशी जाते. पोरं लांबचा माणूस नुसता छोटा काढतात, डोकं खाली जातं आणि तो खड्ड्यात उभा वाटतो, ते यामुळेच!

ही रेघ पक्की झाली की रूळ, प्लॅटफॉर्मची कड, शेडची कड सगळं तिच्यावरच्या एकाच ठिपक्याकडे जातं, डोळ्यांच्या वरचं उतरत, खालचं चढत. विधानभवनाचा कोपरा समोर घेतला तर दोन बाजूंचे ठिपके दोन, आणि ते कागदाच्या बाहेर गेले तरी जाऊ द्या, जवळजवळ कोंबले की इमारत ताणलेली दिसते.

फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे ब्रुनेलेस्कीने करून दाखवलं, सोनारकाम शिकलेला, इमारती बांधणारा माणूस तो, आणि १४३५ मध्ये आल्बर्ती नावाच्या विद्वानाने त्याची रीत लिहून काढली.

आता वर्धा रोडवरचे मेट्रोचे खांब. मधलं अंतर अंदाजाने देऊ नका. पहिल्या खांबाचा माथा, मध्य आणि पाया, तिन्हीपासून ठिपक्याकडे रेघा न्या, दुसरा खांब तेवढा नजरेने उभा करा, मग पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून तिरपी रेघ खाली सोडा, ती पायाच्या रेघेला जिथे लागेल तिथे तिसरा खांब, आणि पुढचे सगळे असेच. मला तर ही युक्ती दरवेळी नव्याने आवडते. फक्त पेन्सिल हलकी चालवा, या रेघा नंतर खोडायच्याच आहेत.