महिनाभर उशिरा कळलेली बातमी

[दृश्य: उघडा, दगडधोंड्यांचा प्रदेश. धुळीत घोड्यांच्या टापा.]

नेवाडा. १८६५ सालचा वसंत. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाचे दिवस. सोनं घेऊन निघालेल्या गाडीबरोबर उत्तरेच्या फौजेचे स्वार आहेत. वाटेत दक्षिणेच्या घोडदळाचे शिपाई दबा धरून बसलेत. त्यांचा म्होरक्या मेजर मॅट स्ट्युअर्ट. इशारा होतो, गोळ्या सुटतात, दोन्हीकडची माणसं पडतात आणि सोनं दक्षिणेच्या हाती लागतं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या एका शत्रूकडून मग कळतं, की युद्ध संपून महिना झाला. दक्षिणेचा सेनापती जनरल ली केव्हाच शरण गेलाय.

म्हणजे आत्ता जे झालं ती लढाई नव्हती. तो दरोडा होता. आणि ज्यांना मारलं, त्यांचे खून झाले.

हा चित्रपट म्हणजे ‘हँगमन्स नॉट’. कोलंबिया पिक्चर्सने तो १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित केला. लांबी जेमतेम ८१ मिनिटं. मोठ्या चित्रपटांच्या सावलीत स्टुडिओ असे स्वस्तातले वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतले घोडे-बंदुकांचे चित्रपट, भराभर काढत असत आणि लोकही ते तितक्याच लवकर विसरून जात. हा मात्र विसरण्यासारखा नाही. शिपाई आणि दरोडेखोर यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे चित्रपट फार नाहीत.

[दृश्य: अलाबामा हिल्सचे गोलसर, तांबूस खडक. मागे बर्फाच्छादित सिएरा नेवाडा.]

पडद्यावरचं हे नेवाडा प्रत्यक्षात आहे कॅलिफोर्नियातलं, लोन पाइन गावाजवळचं. या टेकड्यांना म्हणतात अलाबामा हिल्स. शेकडो वेस्टर्न इथे चित्रित झाले. पण हे नाव अलाबामा राज्यावरून पडलेलं नाही. १८६० च्या दशकात इथे खाणी शोधत फिरणाऱ्या दक्षिणधार्जिण्या लोकांनी आपल्या बाजूच्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेचं नाव टेकड्यांना दिलं. पुढे जून १८६४ मध्ये उत्तरेच्या ‘कियरसार्ज’ने ती नौका फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडवली. मग उत्तरेच्या बाजूचे खाणवाले तरी गप्प कसे बसतील? त्यांनी जवळच्याच डोंगरातल्या खिंडीला ‘कियरसार्ज’ नाव देऊन टाकलं. रणांगणापासून हजारो किलोमीटर दूर, नकाशावर ही चुरस चालली होती.

सोन्याच्या लुटीची गोष्ट पटकथाकाराच्या डोक्यातून आली असं वाटत असेल, तर प्लेसरव्हिलकडे बघा. ३० जून १८६४ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या या गावाच्या पूर्वेला इन्ग्रिम नावाच्या कॅप्टनच्या टोळीने दोन स्टेजकोच, म्हणजे घोड्यांच्या प्रवासी गाड्या, अडवले आणि नेवाडातून आलेल्या चांदीच्या थैल्या उतरवून घेतल्या. जाताना त्याने चक्क पावती दिली. अमुक माल मिळाला, तो दक्षिणेच्या फौजेसाठी शिपाई भरती करायला वापरला जाईल, खाली सही आणि हुद्दा. पावती देतो तो चोर कसा, असा त्यामागचा हिशेब. पाठलागात एक डेप्युटी शेरिफ मारला गेला. टोळीतला थॉमस पूल पकडला गेला. कोर्टाने पावतीला काडीची किंमत दिली नाही. १८६५ मध्ये पूल फासावर गेला.

[दृश्य: जुना नकाशा. बेरिंग समुद्र.]

उशिरा पोचलेली बातमी ही तर त्या युद्धाची खरीखुरी कहाणीच आहे. ली शरण गेला ९ एप्रिल १८६५ ला. दक्षिणेची ‘शेनान्डोआ’ ही नौका जूनमध्येही उत्तरेकडच्या थंड समुद्रात अमेरिकी व्हेलजहाजं जाळत होती. दोन ऑगस्टला एका ब्रिटिश जहाजाकडून पक्की खबर मिळाली, तेव्हा कप्तान वॅडेलने तोफा झाकून घेतल्या आणि अमेरिकेच्या बंदराकडे न जाता थेट लिव्हरपूल गाठलं. घरी परतलो तर चाचे म्हणून खटला चालेल, ही भीती.

त्याच बातमीने आपली मुंबईही हादरली होती. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सट्ट्याला ऊत. शांततेची खबर येताच भाव गडगडले आणि १ जुलै १८६५ ला कित्येक पेढ्या बसल्या.

[दृश्य: स्टेजकोचचं ठाणं. लाकडी खोली, एकच दार, बाहेर बंदुका.]

चित्रपटाकडे येऊ. स्ट्युअर्टची उरलेली माणसं दक्षिणेकडे निघतात आणि वाटेतल्या एका स्टेजकोचच्या ठाण्यात अडकतात. बाहेर वेढा घालून बसलेली टोळी स्वतःला कायद्याची माणसं म्हणवते. खरं तर त्यांना हवंय फक्त सोनं. आत युद्धाने जिच्या घरचं माणूस नेलं अशी एक बाई, आणि उत्तरेच्या जखमींची सेवा केलेली एक तरुणी, अभिनेत्री डोना रीड. पैसा कमी म्हणून बराचसा चित्रपट या खोलीतच घडतो. आणि त्यानेच तो घट्ट झालाय. पळायला जागा नाही, म्हणून माणसांना एकमेकांकडे बघावंच लागतं.

मेजर झालेला रँडॉल्फ स्कॉट मूळचा व्हर्जिनियाचा, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून आलेला. तेव्हा त्याचं वय चोपन्न होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा मला अभिनय वाटत नाही. त्याच्यासमोर ली मार्विन, दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर जखमी झालेला माजी मरीन सैनिक. त्याचा बेंटर हा असा शिपाई आहे, की युद्ध संपलं तरी ज्याला ते संपायला नकोय. या दोघांच्या मधोमध कोवळा जेमी, क्लॉड जार्मन. त्याने अजून कुणाला मारलेलं नाही. मेजरला खरी काळजी सोन्याची नाही, या पोराची आहे. स्कॉट एकही लांबलचक संवाद न बोलता ती दाखवतो.

कथा-पटकथा आणि दिग्दर्शन रॉय हगिन्स यांचं. हगिन्स पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. ते सदस्य झाले तेव्हा त्यात बेकायदा असं काही नव्हतं. दशकभरात हवा बदलली. सप्टेंबर १९५२ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्याच्या थोडंच आधी, ते कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे साक्षीला बसले आणि जुन्या सहकाऱ्यांची नावं त्यांनी दिली. चित्रपट लिहिताना त्यांच्या मनात काय होतं याचा तर्क मी करणार नाही. पण कालची निष्ठा आज गुन्हा ठरते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, एवढं नक्की.

मोठ्या पडद्यासाठी हगिन्सनी पुन्हा कधी दिग्दर्शन केलं नाही. ते टेलिव्हिजनकडे वळले आणि १९६३ साली त्यांनी कल्पिलेली एक मालिका अमेरिकेत घरोघरी पोचली. ‘द फ्युजिटिव्ह’. न केलेल्या खुनासाठी दोषी ठरलेला डॉक्टर, आणि त्याच्या मागावर पोलीस.