हृदयाच्या धमन्या येतात कोठून?

मानवी गर्भाचे हृदय चौथ्या आठवड्यातच धडधडू लागते. मात्र त्या वेळी त्याच्या स्वतःच्या भिंतीत एकही रक्तवाहिनी नसते. ही भिंत इतकी पातळ आणि आतून इतकी जाळीदार असते, की पोकळीतल्या रक्तातील ऑक्सिजन झिरपत थेट स्नायुपेशींपर्यंत पोहोचतो. पुढे स्नायू दाट होतो, बाहेरच्या पेशी त्या रक्तापासून दूर पडतात आणि ऑक्सिजन अपुरा पडू लागतो. या टंचाईमुळे ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन अधिक स्रवते व नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना मिळते.

तत्पूर्वी हृदयावर आवरण चढलेले असते. शिरा जेथे हृदयाला मिळतात, तेथील द्राक्षांच्या घोसासारख्या पेशीपुंजातून पेशी हृदयावर पसरतात आणि एपिकार्डियम तयार होते. या आवरणाखालून रक्तवाहिन्यांचे जाळे पुढे सरकते.

हे जाळे मुळात येते कोठून? उंदरांच्या गर्भांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की सायनस व्हिनोसस, म्हणजे शिरांचे रक्त गर्भाच्या हृदयात जेथे येते त्या भागातील पेशी आपली शिरेची ओळख सोडून देतात, हृदयावर पसरतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या पुढे धमन्या होतात. शिरेतून धमनी घडावी, हे सहजासहजी पटणारे नाही. हृदयाच्या आतल्या अस्तरातील पेशीही या कामात, विशेषतः दोन निलयांमधील पडद्यात, मोठा वाटा उचलतात.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या या धमन्या, म्हणजेच कोरोनरी धमन्या, महाधमनीतूनच फुटतात, असे दीर्घकाळ मानले जात होते, आणि प्रौढ हृदयाकडे पाहिले तर तसे वाटणे स्वाभाविकच आहे. प्रत्यक्षात घडते ते उलट. पक्ष्यांच्या गर्भांचे लागोपाठचे सूक्ष्म छेद तपासले, तेव्हा महाधमनीच्या मुळाभोवती जमलेल्या बारीक वाहिन्या बाहेरून तिची भिंत भेदून आत शिरताना आढळल्या. अशा अनेक वाहिन्या आत शिरू पाहतात. टिकतात बहुधा दोनच, एक डावी व एक उजवी. महाधमनीचे रक्त जोराने वाहू लागले, की एपिकार्डियममधून आलेल्या पेशी या वाहिन्यांभोवती स्नायूंचा थर रचतात आणि त्यांची धमनी पक्की होते.

क्वचित डावी धमनी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीला जोडली जाते. जन्मानंतर फुप्फुसधमनीतील दाब उतरला, की बाळाच्या हृदयस्नायूला पुरेसे रक्त मिळेनासे होते. अशा वेळी शल्यविशारद ती धमनी सोडवून महाधमनीला जोडतात.