उधाण म्हणजे काय रे?

वरळी कोळीवाड्याजवळची एक शाळा, सहावीचा वर्ग. फळ्यावर एकच शब्द: उधाण. धड्याखाली छापलेला अर्थ, 'मोठी भरती', पोरांनी वहीत उतरवून पण झालाय. आता बाई म्हणतात, वाक्यात उपयोग करा बघू. पहिल्या बाकावरून उत्तर येतं, "माझा दादा पोलीस उधाणासाठी रोज पहाटे धावतो."

वर्ग हसतो, पण चूक त्या पोराची नाहीच ना, अर्थ पाठ केला की असंच होणार, आणि भरती म्हटल्यावर त्याच्या घरात दुसरं काय बोलत असतील?

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहते, तिच्या घरची होडी आहे. "बाई, अवसेला-पुनवेला पाणी लय चढतं ते उधाण, अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते एवढं नाय चढत." झालं, पुढची पंधरा मिनिटं बाई शिकवतच नाहीत, नुसतं विचारतात. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की काय होतं, पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा का देते, आणि मग हळूच, पेपरात 'चर्चेला उधाण' छापतात तिथे समुद्र कुठून आला? इथे मात्र पोरं खरंच विचारात पडतात.

एवढं करूनही शब्द निसटतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं बिनअर्थाची अक्षरं स्वतःच पाठ करून हे मोजलं होतं, १८८५ साली. सुरुवातीला धडाधड विसरतो आपण, मग वेग कमी होतो. म्हणून दिवस मध्ये टाकून परत आठवायला लावायचं, नुसतं वाचायला नाही (आम्हाला तर दहा-दहा वेळा लिहायला लावायचे, हात दुखायचा, शब्द काही राहायचा नाही).

बाईंच्या टेबलावर बुटाचा खोका आहे, आत पुठ्ठ्याचे तीन कप्पे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या पत्रकारानं १९७२ मध्ये सांगितलेली ही आयडिया. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज विचारायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्यानं. जमलं तर चिठ्ठी पुढे, चुकलं तर परत पहिल्यात.

सोमवारी उधाणची चिठ्ठी निघते आणि नेमकी त्याच पोरावर येते.

"बाई, गणपती आणायला निघालो ना, तेव्हा आमच्या उत्साहाला उधाण आलं."

चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात जाते. "गुरुवारी परत विचारणारे हां."