यादीतलं दर पाचवं घर

इंदूरची रामबाग. हातात पॅड, पॅडच्या चिमट्यात प्रश्नावली. महाविद्यालयात शिकणारी ही मुलं एका शोधावर निघाली आहेत: इंदूरच्या मराठी घरांत आज मराठी कोण बोलतं, आणि कोणाशी?

सुरुवात फॉर्मपासून झाली नाही. आधी गल्ल्या पायी हिंडून मराठी घरांची यादी केली. या शहराला ही रीत जुनी आहे. होळकर दरबारासाठी नगररचना करायला आलेले पॅट्रिक गेडिस आधी पाहणी, मग आराखडा असाच आग्रह धरत. १९१८ साली निघालेला त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांचा आहे.

यादीतलं पहिलं घर चिठ्ठी टाकून काढलं. तिथून पुढे दर पाचवं. मधल्याच दारातून ओळखीच्या काकू बोलावताहेत. त्यांच्याकडे चहा घेता येईल, फॉर्म भरता येणार नाही. ओळखीपाळखीने ढीगभर फॉर्म जमतात, पण त्यांत दिसतात ती आपल्याच ओळखीची माणसं.

हे बघा, कुलूप. म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही. संध्याकाळी परत यायचं, नाहीतर रविवारी. दुपारी घरी भेटतात ती बहुतेक निवृत्त मंडळी. कामावर गेलेल्यांना वगळून काढलेली टक्केवारी कितीही सुबक दिसो, ती फसवीच.

चाचणीच्या फॉर्मवर एकच प्रश्न होता, 'घरी कोणती भाषा बोलता?' या आजींनी ठासून सांगितलं, "मराठीच की!" तेवढ्यात नातवाचा फोन वाजला. "हाँ बेटा, बोल. खाना खाया?"

आजींनी मनापासूनच उत्तर दिलं होतं. प्रश्न ढोबळ होता. आता तो फोडलाय: नवऱ्याशी कोणती? सुनेशी? नातवंडांशी? हिशेब करताना?

माणूस स्वतःबद्दल काय सांगतो, ते सर्वेक्षणात कळतं. प्रत्यक्षात काय करतो, ते जवळ बसून ऐकावं लागतं. जनगणनेतही मातृभाषा सांगाल तीच लिहितात. म्हणून इथे दोघं मिळून जातात. एक जण विचारतो, दुसरी कानावर पडेल ते वहीत टिपते, अर्थात घरच्यांना विचारून. संशोधनाला फॉर्म हवा, तशी ही वहीही हवी.

फॉर्म आता संगणकात चढताहेत. मुलांसाठी मराठीचे वर्ग कुठल्या वस्तीत आधी भरवायचे, ते त्यावरून ठरेल.