जागा देशाची, जोडी कुणाची?

न्यूयॉर्क राज्यातलं लेक प्लॅसिड. बाहेर जुलैचं ऊन, आत बर्फ, आणि बर्फावर ज्युनिअर आइस डान्सच्या, म्हणजे स्केट घालून जोडीनं नाचायच्या खेळाच्या, जोड्या. जागतिक ज्युनिअर स्पर्धेसाठी अमेरिकेचा संघ ठरतो हिवाळ्यात, पण निवडणाऱ्यांची नजर इथूनच लागलेली असते.

हे ट्विझल. एका पायावर गिरकी घेत पुढे सरकायचं, दोघांनी एकाच लयीत. काठिण्याची पातळी, जिच्यावर गुण ठरतात, ती मात्र दोघांची वेगवेगळी लावतात. त्याचा तोल गेला, तर पातळी त्याची घसरते, तिची नाही.

आता लिफ्ट. पाच... सहा... सात... मुलगी अजून वरच. छोट्या लिफ्टची मर्यादा 7 सेकंद, पुढे गेलं की 1 गुण वजा. उचलताना सहसा घोळ होत नाही. वेग कमी पडतो, शेवटचा फेरा रेंगाळतो आणि उतरवायला उशीर होतो.

पॅटर्न डान्समध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या पायऱ्यांच्या नाचात, कॅमेरा बुटांवर ठेवलाय, कारण परीक्षकही तिथेच बघतात. ब्लेडच्या बाहेरच्या धारेवर तोल हवा तिथे ते सपाट पडलं, की ती पायरी गेली.

ज्युनिअर ग्रांप्रीत, म्हणजे ज्युनिअरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेत, जोडी स्वतःहून नाव देऊ शकत नाही. नाव देशाचा महासंघ देतो, आणि त्याच्या वाट्याला किती जागा येतात हे आधीच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेवरून ठरतं. एका जोडीला जास्तीत जास्त दोन स्पर्धा. पहिल्या क्रमांकाला 15 गुण, दुसऱ्याला 13, आणि अंतिम फेरीत सहाच जोड्या.

जागतिक ज्युनिअर स्पर्धेतल्या जागांचं गणित आणखी कडक. देशाच्या सर्वोत्तम दोन जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची. चौथी आणि नववी, म्हणजे 13: पुढच्या वर्षी तीन जागा. नववीऐवजी दहावी आली, की बेरीज 14 आणि जागा दोन. म्हणजे यंदाच्या मुलांची जागा गेल्या वर्षीच्या, कदाचित आता सिनिअर झालेल्या मुलांनी कमावलेली किंवा घालवलेली असते.

त्यात किमान तांत्रिक गुणांची अट. ते आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मिळवावे लागतात, राष्ट्रीय स्पर्धेतले चालत नाहीत. जिला बाहेर पाठवलंच नाही, ती जोडी देशात पहिली येऊनही अडकू शकते. म्हणूनच एका राष्ट्रीय निकालावर संघ न ठरवता समिती अख्खा मोसम बघते, आणि ते बरोबरच आहे.

उरलेल्यांपैकी काही राखीव यादीत जातात. सराव त्यांनीही चालू ठेवायचा. कुणाला दुखापत झाली, तर बोलावणं ऐनवेळीही येतं.