अपुरी राहिलेली जत्रा

(ठाण्यात संगीत नाटकाच्या रसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, अपुऱ्या कलाकृतीबद्दल बोलायला ठाण्यासारखं गाव नाही. तलावपाळीवर ज्यांच्या नावाचं रंगायतन उभं आहे, त्या गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं, आणि आपण ते तसंच जिवापाड जपलं. आज त्याच मायेनं एका रशियन संगीतकाराकडे बघू या.

मोदेस्त मुसोर्गस्कीनं १८७४ साली गोगोलच्या कथेवरून 'सोरोचिन्त्सीची जत्रा' ही विनोदी संगीतिका लिहायला घेतली. १८८१ साली तो गेला, तेव्हा ती अर्धवटच होती. व्यसन, पैशाची ओढाताण ही कारणं सगळेच सांगतात. मला मात्र त्याची भाषेची अडचण फार जवळची वाटते. कथा युक्रेनमधल्या खेड्यातली, हा रशियन. तिथल्या बोलण्याचे हेल आपल्या सुरांत उतरत नाहीत, म्हणून त्यानं १८७५ साली काम बाजूलाच ठेवलं होतं. बोलीचा हेल चुकला की विनोद मरतो, हे आगरी बोली कानावर असलेल्या ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. पुढे काम पुन्हा सुरू झालं, पण ज्याच्या गळ्यासाठी तो लिहीत होता तो गायक, ओसिप पेत्रोव्ह, १८७८ साली वारला.

दुसऱ्या अंकातला एक प्रसंग बघा. नवरा बाहेर आहे, खिव्र्या पाद्र्याच्या मुलाला आग्रहानं खाऊ घालते आहे. एवढ्यात दार वाजतं. मग त्याला कुठे लपवायचं, तर वर आढ्याखालच्या फळ्यांवर, आपल्या पोटमाळ्यावर लपवावं तसं. खाली पाहुण्यांच्या सैतानाच्या गोष्टी रंगतात, खिडकीतून अचानक डुकराचं तोंड आत येतं आणि वरचा धाडकन खाली पडतो. खिव्र्याच्या लगबगीचं संगीत मुसोर्गस्कीनं लिहिलं. डुकरापर्यंत तो पोचलाच नाही.

नंतर क्युई, चेरेपनिन, शेबालिन अशा तिघांनी आपापल्या परीनं ही जत्रा पुरी केली. त्यांचे कष्ट मी मानतो. पण जोडलेला भाग ऐकताना मूळ माणसाचा आवाज हरवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा रेखाटनांकडे वळावं. मुसोर्गस्कीचा मित्र व्हिक्टर हार्टमान १८७३ साली गेला. 'ट्रिल्बी' या १८७१च्या बॅलेसाठी त्यानं वेशभूषेची चित्रं काढली होती. त्यातल्या एकात मुलाच्या अंगावर चिलखतासारखं अंड्याचं कवच आहे, त्यातून हातपाय बाहेर आलेत, आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखं कॅनरी पक्ष्याचं डोकं. तो बॅले आज कुणाच्या लक्षात नाही. पण हार्टमानच्या स्मृतिप्रदर्शनानंतर, १८७४ सालीच, मुसोर्गस्कीनं याच चित्रावरून पियानोसाठी पिल्लांचा नाच लिहिला, आणि तो जगभर वाजतो. प्रयोग संपल्यावरही रेखाटन बोलत राहतं, याला आणखी काय पुरावा हवा?

म्हणून माझी सूचना आहे. या गावात नेपथ्य करणारी तरुण मंडळी आहेत. त्यांनी या संगीतिकेची रेखाटनं करावीत. आढ्याखालच्या फळ्या, ती खिडकी आणि ते डुकराचं तोंड, हे सगळं मापासकट काढावं. प्रयोग फक्त पियानो आणि गायकांवर करावा. मूळ संगीत जिथे थांबतं तिथे पियानोही थांबू द्यावा, पडद्यावर रेखाटन यावं, आणि एका नटानं गोगोलचा पुढचा मजकूर मराठीत वाचावा. वाचणारा मात्र असा हवा, की ज्याला खेड्यातलं बोलणं अंगचं आहे.