हेडलाइटचा पांढरा बल्ब घेताना

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय गाडीच्या हेडलाइटच्या बल्बविषयी. ज्यांची गाडी थोडी जुनी आहे, हॅलोजनची आहे, त्यांना रात्री हमखास वाटतं की आपला उजेड पिवळट आणि समोरून येणाऱ्या नव्या गाडीचा मात्र पांढराशुभ्र. मग पावलं ॲक्सेसरीच्या दुकानाकडे वळतात. तिथे निळसर काचेच्या बल्बची खोकी मांडलेली असतात. त्यांवर ४,३०० के, ५,००० के, ६,००० के असे आकडे. माणूस साहजिकच मोठ्या आकड्याचं खोकं उचलतो.

हा 'के' म्हणजे केल्विन. त्यावरून उजेडाचा फक्त रंग कळतो. साध्या हॅलोजन बल्बचा उजेड ३,२०० केल्विनच्या आसपास असतो, भर दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या घरात. आकडा चढत गेला की पिवळेपणा कमी होतो, आणखी चढला की निळेपणा येतो. उजेड किती, हे मोजतात ल्युमेनमध्ये, आणि नेमका तोच आकडा खोक्यावर बरेचदा शोधूनही सापडत नाही.

आता जरा विचार करा. हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार तापते आणि उजळते. टंगस्टन वितळतं ३,४२२ अंश सेल्सियसला, म्हणजे सुमारे ३,६९५ केल्विनला. मग ४,३०० केल्विनचा हॅलोजन बल्ब होतो कसा? तार तेवढी तापली तर ती वितळूनच जाईल. उत्तर काचेवरच्या निळ्या थरात आहे. तारेतून निघालेल्या उजेडातला तांबडा-पिवळा भाग हा थर अडवतो आणि उरलेला उजेड आपल्याला पांढरा दिसतो. म्हणजे उजेडातूनच थोडा कापून हा पांढरेपणा काढलेला असतो. चांगले उत्पादक ही घट भरून काढण्यासाठी तार जास्त तापेल अशी रचना करतात, पण त्याची किंमत बल्बच्या आयुष्यात मोजावी लागते. ६,००० केल्विनचा निळा हॅलोजन घेतलात, तर जादा पैसे मोजून रस्त्यावर कमी उजेड पडेल. पावसात आंबा घाट किंवा ताम्हिणी उतरताना हे लगेच जाणवतं. ओल्या डांबरावर पडलेला उजेड बहुतेक पुढेच निसटून जातो, आपल्या डोळ्यांपर्यंत फारसा परत येत नाही. तिथे उजेडाचा प्रत्येक थेंब हवा असतो. ऊस तोडणीच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे रात्री गाडी चालवणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली कधी समोर उभी राहील, याचा नेम नसतो.

पांढरा उजेड घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. हौस असते, आणि सौम्य पांढरा उजेड काही जणांच्या डोळ्यांना खरोखर बरा वाटतो. तो कायद्यात बसवून घेता येतो. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांना एच-४ बल्ब लागतो, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, ६०, डिपरला, म्हणजे खालच्या झोताला, ५५. नवा बल्ब त्याच जातीचा आणि तेवढ्याच वॅटचा हवा. बल्बच्या धातूच्या बुडावर वर्तुळात 'ई' आणि त्याला जोडून एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ई-१ म्हणजे जर्मनी, ई-४ म्हणजे नेदरलँड्स. त्या देशात तो संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मंजूर झाला आहे, अशी ती खूण. वॅट, उजेड आणि रंग, तिन्ही मर्यादेत असल्याशिवाय ती मिळत नाही. ही खूण असलेले पांढरे बल्ब साधारण चार हजार केल्विनच्या अलीकडे-पलीकडे मिळतात, आणि मला विचाराल तर तेवढा पांढरेपणा पुरे. खोक्यावर बारीक अक्षरात 'ऑफ-रोड' लिहिलेलं दिसलं, तर तो बल्ब सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, हे उत्पादकानेच कबूल केलेलं असतं. तो घेऊ नका.

दुकानदार १००/९० वॅटचा बल्बही पुढे करील. त्याने उजेड वाढतो, हे खरं. पण ६०/५५ साठी केलेलं वायरिंग तापतं, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशाची, चकाकी करपते.

आणि सध्या सगळ्यांत जास्त खपतात ते हॅलोजनच्या जागी बसवायचे एलईडी. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, नाहीतर तो रिफ्लेक्टरवर आपटून वर गेला असता. म्हणून डिपर लावल्यावर वरच्या बाजूला स्वच्छ रेघ पडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप थोडी जरी इकडेतिकडे बसली, तरी ती रेघ विस्कटते. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय उजेड! समोरून दुचाकीवर येणारा बिचारा काही क्षण आंधळा होतो. त्या काही क्षणांत त्याला खड्डा दिसत नाही, कडेने चालणारं माणूस दिसत नाही. मला या गोष्टीची मनापासून चीड आहे.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांनुसार दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालवणाऱ्याला खाली घेता येईल असा हवा, आणि खाली घेतल्यावर ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवता कामा नये. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच जातीचा, तेवढ्याच वॅटचा, मंजूर बल्ब बसवणं म्हणजे मात्र गाडीत बदल करणं नव्हे.

बल्बवर खर्च करण्याआधी हेडलाइटची काच बघा. ती बहुतेक गाड्यांत खरं तर प्लास्टिकची असते आणि उन्हाने पिवळी, धुरकट होते. बारीक पॉलिश पेपर पाण्यासोबत फिरवून पॉलिश केली, की जुनाच बल्ब नव्यासारखा वाटतो. मग वायरमनला बल्बपाशी किती व्होल्टेज पोहोचतंय ते मोजायला सांगा. शंभरात पाचने कमी मिळालं, तरी उजेड सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. गंजलेली अर्थिंग साफ करून घेणं नव्या बल्बपेक्षा स्वस्त पडतं.

नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं, की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला, नाहीतर दोन रंगांचा उजेड पडतो. मग संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, आणि डाव्या हाताला किंचित वर चढली पाहिजे. ती अस्पष्ट दिसली, तर बल्ब काढून पुन्हा नीट बसवा. तरीही तशीच राहिली, तर दुकानदाराला परत करा. मागे माणसं आणि सामान भरून गावाला निघालात, की गाडीचं नाक वर उचललं जातं. त्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची छोटी चकती असते. ती फिरवून झोत खाली घ्या, आणि गावाला पोहोचून सामान उतरवलं की पुन्हा शून्यावर आणा.

नमस्कार.